अर्ध्या ओव्या अकोल्याले

१ जानेवारी २००७, सोमवार

ही डायरी बंडूनं आणून देल्ली. बंडू म्हणजे दर्यापूरजवळचं आमचं वावर मक्त्यानं वाहतो तो. त्याले कृषी केंद्रवाल्यानं बियाण्यासंगं फुकट देल्ली. वर कापसाच्या बोंडाचं चित्र हाये, नारळाएवढं. असं बोंड मी सत्तर वर्सांत पाह्यलं नाई. बंडूनंही नाई. रोज पाहवत नसंन म्हणून माह्याकडं आणून टाकली असंन.

मले अक्षर येत नाई. माही नात प्रणाली लिहून राहिली. तिले ताकीद देल्ली हाये, मी बोलली तसंच लिहाचं, कॉलेजातलं मराठी मधात घुसडाचं नाई. लिहून झालं की वाचून दाखवाचं. तोंड वाकडं केलं तिनं. तेही लिही.

यजमान जाऊन दोन वर्सं झाली. तवापासून मी अमरावतीले, राजापेठेत, श्रावणाच्या घरी. श्रावण माहा पोरगा, प्रणालीचा बाप, कपड्याच्या दुकानात काम करते. दोन खोल्या हायेत, वरच्या मजल्यावर. खाली दिवसभर शिकवणीच्या पोरायच्या गाड्या. एवढी पोरं शिकून राहिली अन् एकालेही हॉर्न कवा वाजवाचा नाई ते माईत नाई.

५ जानेवारी, शुक्रवार

प्रणालीले कॉलेजात जात्यावरच्या ओव्या लिहून द्याच्या हायेत. म्हणे, आजी तुले किती येतात? मी म्हटलं, बस, हात दुखंन. बेचाळीस सांगितल्या. म्हणजे बेचाळीस ओळी सांगितल्या. लिहिता लिहिता थांबली अन् म्हणे, "आजी वं, ह्या तर साऱ्या अर्ध्याच हायेत. बाकीचं?"

"बाकीचं अकोल्याले हाये," मी म्हटलं.

तिले समजलं नाई, म्हणून सांगितलं. आमच्या घरी एका जात्यावर दोघी बसत. मी अन् माही थोरली जाऊ पार्बताबाई, समोरासमोर, एकाच खुंट्यावर दोघीचे हात. सासूनं पह्यल्याच दिवशी लावून देल्लं, धाकटीनं उचलाचं, थोरलीनं झेलाचं. मी पह्यली ओळ उचले, त्या दुसरी झेलत. पन्नास वर्सं. माह्या तोंडात दुसरी ओळ कवा आलीच नाई. त्यायच्या तोंडात पह्यली नाई. पार्बताबाई आता अकोल्याले लेकीकडं राहतात. दोन वर्सांपासून आमी बोलत नाई. रुसल्या असतीन. मोठ्या माणसानं एवढं रुसाचं असते का?

प्रणालीनं लिहिलेलं वाचून दाखवलं. "धनी गेले बाजारले, दिस कलला कलला." मंग म्हणे, "पुढं काय झालं? आले का नाई आजोबा?"

"अकोल्याले विचार."

तिनं पुढच्या वाचल्या. साऱ्यायमधी तेच. धनी वावरात, धनी इहिरीवर, धनी बांधावर. मी म्हटलं, बस कर, डोळ्यात धूर गेला. म्हणे, आजी, आपल्या घरी गॅस हाये.

लय शिकली आजकालची पोट्टी.

९ जानेवारी, मंगळवार

काल गावी तेरवी होती. चुलतसासऱ्याच्या घरची. सारे आले होते. माही लेक शेंदूरजनाघाटहून आली, तिच्या दोन नातवंडायले घेऊन. संत्र्याची झाडं वाळली म्हणून तोडून टाकली तिच्या घरी, त्या लाकडावर आता सैपाक होते. म्हणे, भाकरीले संत्र्याचा वास येते काय म्हणून पोरं हुंगून पाहतात.

जेवताना माह्या ध्यानात आलं. तीन वर्सांत आमी सारे एका ठिकाणी बसलो ते तेरवीलेच. लग्नं तर पुढल्या साली, पुढल्या साली, असंच चाललं. पोरायले वाटते, पंगत म्हणजे कोणीतरी मेलं. लेकीच्या धाकट्या नातवानं बुंदी खाता खाता मले विचारलं, "मोठी आजी, आता कोण मरंन? मले पुन्हा बुंदी पाह्यजे."

साऱ्यायले हसू आलं अन् लगेच गेलं.

जीपमधी मी प्रणालीले म्हटलं, कोणी मेल्याबिगर सारे एकत्र आले पाह्यजे, एक दिवस. ती म्हणे, मंग गाण्याच्या उत्सवाले जाऊ. आपल्या भागात दोन-तीन होतात लोकगीतांचे. तूच पाहून ये अन् निवड. मी म्हटलं, निवडतो, पण माह्या अटी हायेत. पाठ टेकाले जागा. बायायची सोय, दारासकट. चार वर्साच्या पोराले पळाले जागा. अन् दिस मावळाच्या आत घरी. गाणं कसंही असो, मी काही गाणार नाई, ऐकाले जाणार. माह्या गळ्याले गंज चढला.

अन् पार्बताबाईलेही बोलवाचं. एकट्या बसून राह्यल्या तथी. त्यायले बाहेर काढलं पाह्यजे. येतीन का नाई देव जाणे.

१४ जानेवारी, रविवार

अमरावतीतलाच मोठा उत्सव पाहून आली. मैदान भरून मांडव. शेतकऱ्यायले धीर द्याचा म्हणून ठेवला म्हणे. शेतकरी मागं, उन्हात. पुढं सोफे, सोफ्यावर पांढरे कपडे. आवाज एवढा की पोटातला चहा हलला. गाणारी बाई दुरून आली होती, लुगडं नेसली होती, पण काष्टा असा की एकदा खाली बसली असती तर सुटला असता.

कॅमेऱ्यावाला एक पोट्टा माह्याकडं आला. "आजी, तुमच्या घरी कोणी गेलं का?"

"गेले ना. श्रावण दुकानात गेला, सून दळणाले गेली."

"तसं नाही हो. थोडं उदास पाहा ना इकडं."

मी कनवटीतून दोन बोरं काढून त्याच्या हातावर ठेवली. म्हटलं, खाय बाप्पा, तुलेच उदास वाटून राहिलं.

हा नाई. सोय होती, पण दाराले कडी नव्हती.

१८ जानेवारी, गुरुवार

एक गोष्ट लिहाची हाये अन् जिच्याबद्दल हाये तीच लिहून राहिली, म्हणून मजा हाये. प्रणाली रोज चार वाजता कोपऱ्यावरच्या एक रुपयाच्या डब्यावर फोन कराले जाते. घरी फोन असून. मी गॅलरीतून पाह्यलं. बोलते, हसते, मधीच वहीत लिहूनही घेते. विचारलं, कोण हाये? म्हणे, मैत्रीण. मैत्रीण असती तर एवढं मान हलवून हो-हो केलं असतं का? मोठ्या माणसासंगं बोलल्यावाणी बोलून राहिली होती. पोट्टा वयानं मोठा दिसते.

लाल झाली. लिही, लाल झाली.

२१ जानेवारी, रविवार

अकोल्याले गेली होती, श्रावणासंगं. तिथला उत्सव नाट्यगृहात हाये. थंडगार हवा, मऊ खुर्च्या, दाराले कडीही होती. तिकिटवाला म्हणे, पाच वर्साखालच्या पोरायले आत घेत नाई, गोंधळ करतात. मी म्हटलं, आमच्या गावी गोंधळ घालाले माणूस बोलावून आणावं लागते. त्याले समजलं नाई. हाही नाई.

श्रावण म्हणे, मोठ्या आईचं घर पुढच्याच गल्लीत हाये, जाऊ का? पार्बताबाईले तो मोठी आई म्हणते. आमी गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो. घर दिसलं. दारात तुळस होती, धुतलेलं नऊवारी वाळत होतं. मंग मी म्हटलं, ऊन लय झालं, परत फिर.

श्रावण म्हणे, "आई, जानेवारीत?"

बापावर गेला. नको तिथं तोंड उघडते.

२४ जानेवारी, बुधवार

बंडूचा फोन आला. गावच्या घरातून जातं गेलं! कुलूप जसंच्या तसं अन् जातं गायब. एका माणसाले उचलत नाई ते. वरच्या पाळ्याले चीर गेली होती, यजमानानं लोखंडी पट्टी मारून देल्ली होती. खुंटा बाभळीचा, तोही त्यायनंच तासला होता. मी बंडूले म्हटलं, कुलूप शाबूत हाये अन् किल्ली तुह्याजवळ हाये, मंग जातं का पायानं चालत गेलं? तो नुसता "हो काकू, नाई काकू." पोलिसात जा म्हटलं तर म्हणे, पाहू काकू, येईन ते परत.

येईन म्हणे परत. बाजारले गेलं का ते?

दिवसभर जेवली नाई मी. प्रणालीले म्हटलं, हे लिहू नको. तिनं लिहिलं वाटते.

२८ जानेवारी, रविवार

दर्यापूरले जाऊन आली, जीपनं, प्रणालीसंगं. इथला उत्सव ताहेर नावाचा माणूस करते. ढोलक्या, डफ मढवाचं काम हाये त्याचं, बापापासून. जागा म्हणजे बंद पडलेलं जिनिंग. कापूसच येईना तर काय करतीन, कुलूप लागलं. तवा तिथले हमाल संध्याकाळी अंगणात डफ घेऊन बसाले लागले. बसता बसता उत्सव झाला, हे तिसरं वर्स.

अंगण मोठं. कडुनिंबाची सावली. कापूस तोलाच्या मोठ्या काट्याच्या पारड्यात पोरं बसून झुलत होती. कातडी उन्हात ताणून ठेवली होती, ताहेर एकएकीवर बोट मारून कान देऊन पाहे, माय पोराच्या कपाळाले हात लावून पाहते तसा.

मी विचारलं, "भोंगे किती लावणार गा?"

"एकच, आजी. तो बी हरवलेल्या पोरायचं नाव सांगाले. गाणं ऐकाचं तर जवळ येऊन बसाचं."

बायायच्या सोयीचं दार मी स्वतः लावून पाह्यलं. कडी हाये. आतून.

ताहेरची आई कुलसुमबी माह्याच वयाची. लग्नाघरी हळदीचे गाणे गाते. चहा देल्ला, मंग सरळच विचारलं, "क्या बाई, गाते ना तुमी?"

"गात होती."

"होती मतलब? गला उधार दिया क्या किसीको?"

मले पटली बाई. तिनं प्रणालीकडं पाह्यलं अन् दोघी हसल्या. पह्यल्यांदाच भेटल्या, तरी लवकर जमलं त्यायचं.

हाच. अकरा फेब्रुवारी, रविवार, सकाळी दहा ते चार. जेवाले रोडगे अन् वांग्याची भाजी. आपलं अमरावतीकडूनही जमते, अकोल्याकडूनही. मी निवडला. लिही, आजीनं निवडला.

३ फेब्रुवारी, शनिवार

सारे हो म्हणाले. लेक येणार, नातवंडं येणार, सुनेनं नवं लुगडं काढलं. राह्यल्या पार्बताबाई. प्रणाली म्हणे, मी विचारतो. अर्ध्या घंट्यात येऊन म्हणे, पाहू, म्हणाल्या. एवढ्या लवकर कसं विचारलं बाप्पा?

एक गोष्ट डायरीतच सांगतो, वाचून दाखवू नको. यजमानाच्या तेरवीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे पार्बताबाई जात्यावर बसल्या होत्या. म्हणे, तानू, ये, उचल. त्यायच्या मनात वाईट नव्हतं. मी म्हटलं, "तुमाले गाणं सुचून राहिलं? माह्या घरातलं गाणं मेलं. तुमचं तुमच्या लेकीच्या घरी जाऊन गा." त्यायनं जात्यातलं अर्धं दळलेलं पीठ झाडून घेतलं, डब्यात भरलं, झाकण लावलं अन् दुपारच्या गाडीनं गेल्या.

म्हणजे रुसल्या त्या, पण रुसवलं कोणी?

नाई आल्या तर मी काही म्हणणार नाई. पण मंग त्या बेचाळीस ओळी तशाच राहतीन. माह्यामागं प्रणालीजवळ नुसते बाजारले गेलेले आजोबा राहतीन.

१२ फेब्रुवारी, सोमवार

कालचं आज सांगून राहिली. काल अंगात दम नव्हता.

आमी जिनिंगमधी पोचलो तर डफ सुरू झाले होते. नातवंडं जीपमधून उतरली ती थेट काट्याच्या पारड्यात. लेक निंबाखाली पाय पसरून बसली, दोन वर्सांत पह्यल्यांदा तिचे पाय असे मोकळे पाह्यले. मी पार्बताबाईले गर्दीत शोधून राहिली. दिसेचना. तवा कुलसुमबीनं माहा हात धरला. "चलो, उधर दळण है. रोडगे का आटा कम पड रहा."

शेडच्या सावलीत सतरंजी अन् सतरंजीवर जातं. चिरीवर लोखंडी पट्टी. बाभळीचा खुंटा. एका बाजूले पार्बताबाई, पदर खोचून बसलेल्या. बंडू खांबामागं.

"जात्याच्या चोर तुमी?" मी म्हटलं. दोन वर्सांनी पह्यला शब्द हाच निघाला.

"जातं दोघीचं हाये," पार्बताबाई म्हणे. "मी माहं अर्धं आणलं. तुहं त्याच्यासंगं आलं, त्याले मी काय करू? बस."

बसली. खुंट्याले हात लावला. त्यायचा हात वर, माहा खाली, जसा असे. जातं फिरलं. पीठ पडाले लागलं. बाया भोवती गोळा झाल्या. पार्बताबाई वाट पाहून राहिल्या. अन् माह्या तोंडातून काही निघेना.

"उचल," त्या हळूच म्हणे.

"गळ्याले गंज चढला."

"गळ्याले कुठं गंज चढते? लोखंडाचा हाये का?"

मंग मी खरं सांगितलं. साऱ्या बायायसमोर. "बाई, माह्या साऱ्या पह्यल्या ओळीत ते हायेत. वावरात हायेत, इहिरीवर हायेत. आता कसं म्हणू?"

पार्बताबाईनं जातं थांबवलं नाई. "माहा धनी जाऊन बावीस वर्सं झाली, तानू. ओवीत अजून बांधावरून हाका मारून राहिला. मी कवा त्याले गप बस म्हटलं? अन् तू वीस वर्सं माह्यासमोर बसून ऐकलं ना? तुले कवा वाटलं का, ह्या बाईले समजत नाई म्हणून?"

वीस वर्सं. मी रोज समोर बसली होती. माह्या कवा ध्यानातच आलं नाई.

जात्यातलं धान्य संपाले आलं होतं. पार्बताबाईनं मूठ भरून घातली. माहं तोंड आपोआप उघडलं. आवाज फाटका निघाला, भांडं घासल्यावाणी, पण निघाला.

"धनी गेले बाजारले, दिस कलला कलला."

अन् समोरून, जशी दोन वर्सं झालीच नाई,

"दीर माहा येता येता, भजनात गं रमला."

असंच होतं ना! असेच होते ते. बाजारहून निघत अन् रस्त्यात कोणाच्या ओट्यावर टाळ ऐकला की बसलेच. मी इकडं भाकरी थंड्या करत बसलेली. मले हसू आलं. हसता हसता रडू आलं, मंग पुन्हा हसू आलं. जातं काही थांबलं नाई, दोघीचे हात असले की थांबत नाई ते. बेचाळीसपैकी एकतीस झाल्या. कुलसुमबीनं मधात हळदीचं एक गाणं घातलं, त्याची चाल जात्यावर बरोब्बर बसली. पिठात डोळ्यातलं पाणी पडलं असंन थोडं, पण रोडग्यायले मीठ लागतेच. भोंग्यावर दोनदा आमच्याच नातवाचं नाव आलं. दोन्ही वेळा तो काट्यातच सापडला.

निघताना धाकट्यानं विचारलं, "मोठी आजी, कोण मेलं?"

"कोणी नाई रे."

"मंग रोडगे कशाचे?"

"असेच."

त्याले पटलं नाई. पुढच्या वर्सी पटंन.

२० फेब्रुवारी, मंगळवार

पार्बताबाई माह्यासंगं राजापेठेले आल्या, आठ दिवसासाठी. जातंही आलं. बंडू अन् श्रावणानं दोन जिने चढवलं, बंडू प्रत्येक पायरीवर माह्याकडं पाहून "माफ करा काकू" म्हणे. खालची घरमालकीण दुसऱ्या दिवशी वर आली, "सकाळी सकाळी काय घरघर लावली?" म्हणाली. पार्बताबाईनं तिच्याकडं सूप सरकवलं. आता रोज सहा वाजता गहू निवडाले येऊन बसते.

प्रणालीच्या वहीत बेचाळीस पुऱ्या झाल्या. बाहेर निघाल्या पार्बताबाई एकदाच्या. मी म्हटलं, पाह्य, कशी युक्तीनं काढली तुमाले! त्या म्हणे, हो बाप्पा, लय हुशार तू. प्रणालीकडं पाहून म्हणे.

प्रणालीचं एक सांगाचं राह्यलं. ती आता चार वाजता त्या डब्यावर जात नाई. त्या पोट्ट्यासंगं बिनसलं वाटते. मी म्हटलं, बरंच झालं. तर पार्बताबाईले एवढं हसू आलं, की ठसका लागला, पाणी द्यावं लागलं. दुसऱ्याच्या दुःखावर असं हसतात का?

बरं, आता शेवटचं लिही पोरी, पार्बताबाई येत्या गुरुवारी अकोल्याले...

इथवर बोलली अन् दम घ्याले थांबली, तर पलंगावरून आवाज आला,

"...जाऊन बाकीचे कपडे घेऊन परत येणार हाये. लिही."